बिनसीटच्या सायकलवर डिस्क ब्रेक: साताऱ्यातल्या आठ महिन्यांचा अनुभव

ही सायकल घेऊन पोवई नाक्यावरून गेलो की सिग्नलला एक तरी जण विचारतोच, "भाऊ, सीट चोरीला गेलं का?" सुरुवातीला समजावून सांगायचो. आता "हो" म्हणतो आणि पुढे जातो.

ट्रायल्सच्या सायकलला सीट नसतंच. बसायचंच नसतं. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या, मागच्या एका चाकावर उभं राहून तोल साधायचा, पाय टेकवायचा नाही. माझी २६ इंची आहे, पुढे १८ दाते आणि मागे १५. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जेमतेम अडीच मीटर सरकते. वेग नावाची गोष्टच नाही. आणि इथंच डिस्क ब्रेकची सगळी गोम आहे, ते मला कळायला पाच महिने गेले.

आधी माझ्याकडे हायड्रॉलिक रिम ब्रेक होते, म्हणजे तेलाच्या दाबानं चाकाच्या रिमवर पॅड दाबणारे. ट्रायल्सवाले वर्षानुवर्षं वापरतात तेच: रिमवर ग्राइंडर मारून ती खरखरीत करायची, म्हणजे पॅड चावतो. कोरड्यात त्या ब्रेकला तोड नाही. पण आवाज असा, की समोरच्या घरातलं कुत्रं आत जाऊन बसायचं. शिवाय इथला पाऊस. जून ते सप्टेंबर रिम कायम ओली आणि तिच्यावर पॅडचा काळा लगदा. वेण्णेकाठच्या कातळावर मागचं चाक टेकवलं, लिव्हर दाबला, चाक हातभर मागे फिरलं आणि मी पाठीवर. त्या पडण्यानंतर जूनमध्ये डिस्कचं ठरवलं. फ्रेमला डिस्क ब्रेक अडकवायचे कान होतेच. मागचं चाक मात्र नवीन बांधून घ्यावं लागलं, डिस्कचं हब टाकून. पुढे १६० मिलिमीटरचा रोटर (पॅड ज्याला धरतात ती हबवरची चकती), मागे १८०. ब्रेकची कंपनी सांगत बसत नाही, कारण जे त्रास झाले त्यातले बरेचसे माझ्या आणि दुकानदाराच्या हातचे होते.

पुढच्या ब्रेकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लावला आणि चालला. पुढचं सगळं मागच्याबद्दल आहे.

पहिल्या आठवड्यात वाटलं, पैसे पाण्यात गेले. लिव्हर टणक, पण चाक धरतच नव्हतं. कारण साधं निघालं. नवीन पॅड आणि रोटर एकमेकांवर बसावे लागतात, पॅडच्या मालाचा पातळ थर रोटरवर चढावा लागतो. त्यासाठी जरा वेगात जाऊन, चाक जॅम न करता, हळू होईपर्यंत दाबायचं. असं वीसेक वेळा. साध्या सायकलवर हे आपोआप होऊन जातं. ट्रायल्सवर कधीच होत नाही, कारण आपण चाक फिरत असताना ब्रेक मारतच नाही. मग एका पहाटे सायकल ढकलत अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं वर नेली आणि उभ्या उभ्या उतारावरून सोडली. वेग घेतला, दाबला, सोडला, परत वेग घेतला. फिरायला आलेले आजोबा दोनदा थांबून बघत राहिले. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाळा, ब्रेक लागंना का?" खाली चार भिंती स्मारकापर्यंत येईतो एका बोटावर चाक जाम व्हायला लागलं होतं.

आता ॲडॉप्टर, जो खरं तर त्याच्याही आधीचा घोळ. यात माझा सर्वात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या फ्रेमचे कान जुन्या पद्धतीचे, म्हणजे बोल्ट आडवे जातात ते. कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो ब्रेकचा भाग, नव्या पद्धतीचा, त्याचे बोल्ट उभे. मध्ये ॲडॉप्टर लागतो. दुकानात "१८० चा द्या" म्हणालो, त्यांनी १८० लिहिलेला दिला. घरी आणून लावतो तर रोटर कॅलिपरमध्ये शिरेचना. तोच तुकडा पुढे लावला तर १८० चा होतो आणि मागे लावला तर १६० चा, कारण पुढच्या आणि मागच्या कानांची उंची वेगळी. त्याच्यावर एफ १८० आणि आर १६० असं दोन्ही कोरलेलं होतं. वाचलं कुणी? ना दुकानदारानं, ना मी. कॅलिपर १० मिलिमीटर खाली बसत होता. दुकानदार म्हणाला, खाली वॉशर टाका. दहा मिलिमीटरच्या वॉशरच्या चळतीवर मागचा ब्रेक उभा करायचा आणि त्या ब्रेकच्या भरवशावर कमरेएवढ्या दगडाच्या टोकावर उभं राहायचं. नको म्हटलं.

दुसरा ॲडॉप्टर मागवला. तो बसला, रोटर फिरला, मी खूश. दीड महिन्यानं एक विचित्र गोष्ट सुरू झाली: लिव्हर दगडासारखा, पण पकड रोज थोडी कमी. पॅडला तेल लागलं नव्हतं, पाइपात हवा नव्हती. पॅड काढून उजेडात धरले तेव्हा दिसलं. पॅडच्या वरच्या कडेला अडीचेक मिलिमीटरची एक पट्टी जशीच्या तशी कोरी होती आणि बाकी पॅड झिजून खाली गेला होता. दाताच्या कवळीला हिरडी असते तशी कड. दोन्ही पॅडच्या त्या कोऱ्या कडा रोटरच्या बाहेर एकमेकींना टेकत होत्या. मी जोर लावत होतो तो पॅडवर पॅड दाबायला, रोटरला मिळत होता तो उरलासुरला. ॲडॉप्टर उलटून पाहिला तर बारीक अक्षरात १८५. म्हणजे कॅलिपर अडीच मिलिमीटर वर. कडेचा हिशोब बरोब्बर जुळला.

एमआयडीसीत एक दोस्त मिलिंग मशीनवर असतो. त्यानं जेवणाच्या सुट्टीत ॲडॉप्टर व्हाइसमध्ये धरला आणि कॅलिपर बसतो त्या अंगानं अडीच मिलिमीटर उतरवून दिला. पाव तासाचं काम. वर म्हणाला, "आता बोल्ट अडीच मिलिमीटर आत जाणार, ते तळाला टेकतील. वॉशर टाक, नाहीतर घट्ट झालाय असं वाटंल आणि कॅलिपर सैलच राहील." हे माझ्या डोक्यात आलं नसतं. मजुरी म्हणून पाव किलो कंदी पेढे.

आता मूळ दुखणं. हे सगळं झाल्यावर पकड उत्तम होती, तरी मागच्या चाकावर उभं राहिलो की पायाखाली "टक" व्हायचं. पुढे झुकलं, टक. मागे झुकलं, टक. रिम ब्रेकवर हे कधी जाणवलं नव्हतं. लोकांना वाटतं ब्रेकचं काम चाक थांबवणं. ट्रायल्समध्ये चाक थांबलेलंच असतं. ते धरून ठेवायचं असतं, आणि तेही दोन्ही दिशांना. माझं वजन ७४ किलो. ते दर सेकंदाला पुढे-मागे होतं आणि तेवढ्या वेळा रोटर पॅडला कधी पुढे ढकलतो, कधी मागे. पॅड कॅलिपरच्या खाचेत सरकता यावा म्हणून थोडा सैल ठेवलेला असतो. उतरणीवर जाणाऱ्या सायकलला त्याचं काही नाही, पॅड एकदा एका बाजूला टेकला की तिथंच राहतो. आपल्याकडे तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो.

त्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघितलं: ०.४ मिलिमीटर. एवढंसं? पण १८० च्या रोटरवर पॅड धरतो ती जागा चाकाच्या मध्यापासून साधारण ८ सेंटीमीटरवर आणि टायरची बाहेरची कड ३३ सेंटीमीटरवर. म्हणजे तिथला खेळ इथे चौपट, टायरवर दीड मिलिमीटरच्या वर. रिम ब्रेकचा पॅड २७ सेंटीमीटरवर धरतो, तिथे तोच खेळ कसाबसा अर्धा मिलिमीटर होतो. मागे १६० ऐवजी १८० घेतला याचा खरा फायदा मला इथं दिसला. जास्त ताकदीपेक्षा कमी हलणं.

उपाय स्वस्तातला. कोल्ड्रिंकचा डबा कात्रीनं कापून त्याच्या पट्ट्या पॅडच्या कडेला, खाचेच्या भिंतीशी घातल्या. दोन घातल्या तर टक निम्मं, तीन घातल्या तर जवळजवळ नाहीसं, चार घातल्या तर पॅड अडकला आणि लिव्हर सोडूनही चाक घासत राहिलं. तीनवर थांबलो. पण डब्याचा पत्रा मऊ, महिन्याभरात चेपला. मग त्याच दोस्ताकडून ०.३ मिलिमीटरचा स्टेनलेस शिमचा (फटीत घालायच्या पातळ पत्र्याचा) तुकडा आणला, एल आकारात वाकवला, म्हणजे खाली घसरत नाही. कडा पॉलिश पेपरवर घासल्या. तो नोव्हेंबरपासून आहे तसा आहे. पॅड बदलताना तो काढून नीट डबीत ठेवायचा, एवढंच लक्षात ठेवावं लागतं. एकदा अंगणात पडला आणि मी अर्धा तास गुडघ्यावर.

थोडं टक तरीही उरलं होतं. पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला गेलो होतो. त्यांनी मागचं चाक दोन हातांत धरलं, स्पोकच्या जोड्या बोटांनी दाबत गोल फिरले आणि म्हणाले, "आरं, बिरेक धरतोय चांगला. चाकच सैल हाय तुझं." रिम ब्रेक रिमला धरतो. डिस्क हबला धरते आणि तो सगळा पीळ स्पोकमधून रिमपर्यंत जातो. नव्या बांधलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या महिन्यात ढिले पडलेले. काकांनी ताणून दिले, परत तीन आठवड्यांनी एकदा. तेव्हापासून शांत.

माझ्या मूर्खपणाचं प्रकरण वेगळं. ऑगस्टमध्ये चेन गंजली म्हणून चाक लावलेलं असतानाच स्प्रेचं तेल मारलं. चेन उजवीकडे, रोटर डावीकडे, म्हटलं काय होतंय. स्पोकमधून तुषार पलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी ब्रेक म्हशीसारखा हंबरायला लागला आणि धरायचा बंद. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, तो सुधारला. पॅड सुधारले नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून ते गॅसवर भाजले. धूर निघाला, आई आली, पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगतो की दोन दिवस बरे चालले आणि परत हंबरले. त्या धुराचा वास स्वयंपाकघरात आठवडाभर होता. नवीन पॅड आठशे रुपयांना आले. आता चेनला तेल थेंबानं, आणि रोटरला जुना मोजा घालून.

पॅड कुठले? ऑरगॅनिक, म्हणजे रेझिनचे, थंड असताना लगेच धरतात. आपला ब्रेक कायम थंडच असतो, तेव्हा उन्हाळ्या-हिवाळ्यात मी तेच ठेवतो. पण पावसाळ्यात यवतेश्वरच्या वरच्या बाजूला चुलत्यांच्या रानात सराव करायचो. तिथली जांभ्याची लाल माती पाण्यात कालवली की पॉलिश पेपरच. रेझिनचे पॅड सहा आठवड्यांत पत्र्याला आले. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, घातल्यावर पावसाळा निघाला. पकड किंचित उशिरा येते, ओरडतात जास्त. सिंटर्ड घालण्याआधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा, काही रोटर फक्त रेझिन पॅडसाठीच असतात. (जांभ्याचा विषय निघालाच आहे तर, कासच्या सड्यावर सायकल घालू नका. दगड मोहात पाडणारे आहेत, पण त्या पातळ मातीच्या थरातच सगळी फुलं असतात.)

तेलाचं एकदाच झालं. ठोसेघरकडे जाताना मित्राच्या पिकअपमध्ये सायकल उलटी टाकली होती. उतरवली तर लिव्हर थेट दांड्याला टेकतोय. लिव्हरच्या टाकीत थोडी हवा असते, उलटं केल्यावर ती पाइपात गेली. त्या रात्री सायकल उभी करून लिव्हर ट्यूबच्या रबरानं आवळून बांधून ठेवला, सकाळी बराचसा जागेवर. नीट ब्लीडिंग (पाइपातली हवा काढून तेल भरणं) नंतर केलं, मेडिकलमधून आणलेल्या २० मिलीच्या सिरिंजनं. त्याआधी एका गॅरेजमध्ये विचारायला गेलो होतो. मिस्त्रींनी काही न विचारता मोटारसायकलच्या डॉट ४ ची बाटली उघडली. माझा ब्रेक मिनरल ऑइलवर चालतो. डॉट घातलं असतं तर आतले रबर फुगून अख्खा ब्रेक भंगारात गेला असता. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते रागावले, "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल." लिव्हरच्या झाकणावर काय छापलंय ते मोबाइलचा टॉर्च मारून दाखवलं, तरी पटलं नाही.

डिस्कचा एक तोटा कशानंही जात नाही: रोटर उघडा असतो. जानेवारीत डाव्या कुशीवर आलो आणि कातळाच्या कडेनं मागचा रोटर वाकवला. रिम ब्रेकवर असतो तर नुसतं खरचटलं असतं. स्वच्छ फडकं गुंडाळलेल्या स्क्रू पान्यानं, पॅडच्या फटीकडे बघत, थोडा थोडा करून सरळ केला. आता फेऱ्यात एका जागी "सिक्" करतो. व्हर्नियरला जाडी १.७ आली. नवीन १.८ असतो आणि १.५ ला बाद, म्हणजे झिजून जायची भीती नाही. वाकून जाईल त्याआधी.

तर घ्यावा का? घरच्या अंगणात पॅलेट रचून कोरड्यात सराव करणाऱ्यानं रिम ब्रेक सोडू नये. तो हलका आहे, कमी हलतो आणि बिघडला तर समोर दिसतो. मला साताऱ्याचा पाऊस सोडायचा नव्हता. सप्टेंबरात त्याच वेण्णेकाठच्या कातळावर, शेवाळ बाजूला करून, मागच्या चाकावर उभा राहिलो. पाणी रोटरवरून ठिबकत होतं, टायर घसरत होता, पण चाक फिरलं नाही. परवा शिम काढून पुसून परत घातला. शेजारचा पोरगा विचारत होता, हा एवढासा पत्रा कशाला? त्याला हँडल धरायला दिलं, ब्रेक दाबायला सांगितलं आणि सायकल पुढे-मागे हलवायला लावली. मग शिम काढून परत तेच करायला लावलं. "आता टक करतंय," म्हणाला.