हॅचबॅकवाल्यांनो, डोक्यावर रूफबॉक्स की मागे छोटा ट्रेलर?

इथे यूकेत दोन मुलं झाली आणि गाडी छोटी असली की हा विषय घरात एकदा तरी निघतोच. डिकीत मुलांची बग्गी (बाबागाडी) ठेवली की बाकीचं सगळं मांडीवर. मोठी गाडी घ्यावी तर इन्शुरन्स, पेट्रोल, पार्किंग सगळंच वाढतं आणि वर्षातला बराचसा वेळ ती रिकामीच फिरणार. मग उरतं काय, तर वर रूफबॉक्स (छतावर बसवायची बंद पेटी) नाहीतर मागे ट्रेलर. आमच्याकडे आधी बॉक्स होता, आता ट्रेलर आहे, गाडी तीच, एक लिटर इंजिनची स्कोडा फॅबिया, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडंफार बोलू शकतो. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, जे जाणवलं ते सांगतोय, तुम्हाला वेगळं जाणवू शकतं.

ट्रेलर म्हणजे कॅरव्हॅन नाही हं. आपल्याकडून आलेल्या माणसाला ट्रेलर म्हटलं की उसाची ट्रॉलीच डोळ्यासमोर येते, माझे सासरे आमचा बघून म्हणाले होते की यात दोन मोळ्या पण मावायच्या नाहीत. साधारण चार फूट लांब, तीन फूट रुंद, एकच ॲक्सल (म्हणजे चाकांची एकच जोडी), स्वतःचे ब्रेक नाहीत, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, वरती कडक झाकण. रिकामा ८०-९० किलो.

आधी एक गोष्ट बघून घ्या, नाहीतर पुढचं वाचायची गरजच नाही. गाडीच्या व्हिन प्लेटवर (गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते) वजनांच्या ओळी असतात. पहिली ओळ गाडीचं भरलेलं वजन, दुसरी गाडी अधिक ट्रेलर मिळून. ती दुसरी ओळ नसेल किंवा तिथे शून्य असेल तर तुमच्या गाडीला ट्रेलर ओढायची परवानगी नाही, विषय संपला, बॉक्स घ्या. काही छोट्या सिटी कार आणि काही हायब्रिड यात येतात. आणि गाडी लीजवर किंवा पीसीपीवर (हप्त्यांची योजना) असेल तर टोबार (ट्रेलर जोडायचा मागचा हूक) बसवायच्या आधी कंपनीला विचारा, आपल्या आयटीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच अडतं.

ओढता येत असेल तर गणित सोपं आहे. ब्रेक नसलेला ट्रेलर सामानासकट जास्तीत जास्त ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी ते. छोटी गाडी अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी आकडा दिला असेल तर तोच खरा. आता छताकडे बघा. छोट्या हॅचबॅकच्या छतावर साधारण ५० ते ७५ किलो चालतात आणि त्यात आडवे रॉड आणि बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. ते वजा केल्यावर तंबू, स्लीपिंग बॅगा आणि गाद्या एवढंच उरतं. तांदळाची गोणी वगैरे वर टाकायची नाही.

बॉक्सच्या बाजूने बोलायचं तर त्याचा मोठा गुण म्हणजे गाडी चालवताना काही नवीन शिकावं लागत नाही. रिव्हर्स तोच, पार्किंगची जागा एकच, मोटरवेवर ताशी ७० मैल चालतं. ट्रेलर लावला की मोटरवेवर ६०, मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जाता येत नाही. घाईच्या माणसाला हे जाचक वाटू शकतं. मला खरं सांगायचं तर आवडायला लागलं, डाव्या लेनमध्ये लॉरीच्या मागे निवांत, कोणी दिवे मारत नाही, घरी पोचायला थोडा उशीर होतो पण खांदे दुखत नाहीत. पेट्रोलचंही तसंच, बॉक्स लावून सत्तरने जाताना काटा जेवढ्या पटकन खाली यायचा तेवढा ट्रेलर घेऊन साठने जाताना येत नाही. आता हा फरक ट्रेलरमुळे की वेगामुळे, तुम्हीच ठरवा. बुटका ट्रेलर गाडीच्या आडोशाला राहतो म्हणून वारा कमी लागतो असं मला वाटतं. बॉक्स मात्र वाऱ्याच्या तोंडावरच असतो आणि हलक्या गाडीला आडवा वारा चांगलाच जाणवतो, सेव्हर्न नदीवरच्या जुन्या पुलावर गाडी अशी ढकलली जायची की बायको गप्प बसायची.

पण आवाज, पेट्रोल, वारा, हे सगळं चालवून घेतलं असतं. मला बॉक्सचा कंटाळा आला तो एकाच गोष्टीने, तो निघतच नाही. म्हणजे निघतो, पण एकट्याने नाही. लांबलचक, गुळगुळीत, धरायला कुठे काही नाही, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी उंच माणूस हवा. आमची ही पाच फुटांची, तिच्या हाताला क्लॅम्पच येत नाहीत. शेजाऱ्याला सांगायचं तर तो घरी असला पाहिजे, आपण घरी असलो पाहिजे आणि पाऊस नको, इंग्लंडात या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आणि काढून ठेवायचा कुठे? शेडमध्ये तिरका ठेवला तर लॉनमोव्हर बाहेर काढता येत नाही. त्यामुळे होतं काय, की ईस्टरच्या सुट्टीला लावलेला बॉक्स दिवाळीपर्यंत डोक्यावर. रोज ऑफिसला तो घेऊन जायचं, आत काही नाही, नुसती वाऱ्याची शिट्टी. आणि गाडी दीड मीटर, त्यावर रॉड आणि बॉक्स मिळून अर्धा मीटर, म्हणजे दोन मीटरच्या घरात उंची गेली. इथल्या कितीतरी मल्टिस्टोरी पार्किंगची उंची नेमकी तेवढ्याच्या आसपास असते, ती वरती लटकवलेली पट्टी वाजेल की नाही या भीतीने सगळेजण गाडीत मान खाली घालून बसायचे, जसं काही आम्ही वाकल्याने बॉक्स खाली येणार आहे. शेवटी स्टेशनजवळच्या पार्किंगला जायचंच सोडलं, लांब उघड्यावर लावायची आणि चालत जायचं. आठवडाभराच्या कॅम्पिंगसाठी सहा-सात महिने हे असं.

ट्रेलरचं याच्या उलट. घरी आलो, प्लग काढला, सेफ्टी केबल काढली, कपलिंगची (ट्रेलरचा टोबारवर बसणारा भाग) मूठ उचलली, ट्रेलर हाताने ढकलत घराच्या बाजूच्या बोळात नेला आणि मागच्या बाजूवर उभा करून भिंतीला टेकवला. एकट्याने, चहा होईपर्यंत. गाडी परत नुसती गाडी. मला वाटतं आमचा निर्णय इथेच झाला, बाकीचे मुद्दे नंतर जोडले. (सगळे ट्रेलर उभे करता येत नाहीत, घेताना विचारा, आणि उभा करून ठेवायचा तर साखळीने बांधा, मुलं खेळतात आजूबाजूला.)

आता त्रासही सांगतो, नाहीतर म्हणाल विकायला बसलाय. रिव्हर्स. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो हे ऐकलं होतं ते खरं आहे, लांबी कमी असल्यामुळे स्टिअरिंग जरा फिरवलं की तो लगेच कात्रीसारखा वळतो. त्यात रिकामा आणि बुटका असला की आरशात दिसतच नाही, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. यावर मी काढलेला उपाय अगदीच साधा आहे, रिव्हर्स घ्यायचाच नाही, ट्रेलर सोडवायचा आणि हाताने फिरवायचा. ८०-९० किलो आहे, सपाटीवर सहज हलतो. भरलेला असताना मात्र आधीच विचार करून वळण घ्यायचं. सुपरमार्केटात दोन जागा लागतात म्हणून लांबच्या कोपऱ्यात लावायची. चोरीची काळजी असते, कपलिंगला कुलूप लागतं. आणि रिकामा ट्रेलर खड्ड्यावर असा आदळतो की मागे काहीतरी तुटून पडलं असं वाटतं, सवय होते.

चढाची भीती बऱ्याच जणांना असते. कंपनी ओढायचं वजन ठरवते ते १२ टक्के चढावर थांबून परत निघता यावं या हिशोबाने, आणि आपण कॅम्पिंगचं सामान भरून फार तर दोनशे किलोपर्यंत जातो, त्यामुळे मोटरवेवर एक लिटर टर्बोला काही वाटत नाही, फक्त पाचव्यातून चौथ्यात यावं लागतं. पण एक्समूरला जाताना ए-३९ वरचा पॉर्लॉकचा चढ, एकास चार म्हणजे २५ टक्के, तिथे मी ट्रेलर घेऊन जात नाही, शेजारून टोल रोड आहे, लांबून पण हळूहळू चढतो, थोडे पैसे देतो आणि क्लच वाचवतो. लेक डिस्ट्रिक्टच्या हार्डनॉट पासचं तर नावच काढू नका, तिथे ३३ टक्के आहे.

सामान भरताना मात्र डोकं लावावं लागतं. जड वस्तू ॲक्सलवर आणि किंचित पुढे, म्हणजे टोबारवर थोडा भार राहतो. मागे जड झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि हलक्या गाडीला तो पटकन आपल्याबरोबर ओढतो. तसं झालंच तर जोरात ब्रेक नाही मारायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. नाकावरचा, म्हणजे टोबारवर येणारा, भार मोजायला बाथरूमचा वजनकाटा आणि एक लाकडी दांडका पुरतो, कपलिंगखाली दांडका, त्याखाली काटा, ट्रेलर आडवा समतल. किती चालतो ते मॅन्युअलमध्ये आणि टोबारच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, दोन्हीतलं कमी ते धरा. हा भार गाडीच्या वजनात मोजला जातो हेही लक्षात ठेवा, मागे तीन जण बसणार असतील तर.

कागदपत्रं जवळजवळ नाहीतच. एवढ्या ट्रेलरला रजिस्ट्रेशन नाही, रोड टॅक्स नाही, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) नाही. मागे गाडीच्याच नंबरची पिवळी प्लेट लागते. लायसन्सचं विचाराल तर ७५० किलोपर्यंत साध्या कार लायसन्सवर आधीपासूनच चालायचं, १६ डिसेंबर २०२१ पासून तर ग्रेट ब्रिटनमध्ये ३,५०० किलोपर्यंत वेगळी टेस्ट राहिली नाही. इन्शुरन्सवाल्यांना टोबार बसवल्याचं कळवा. ट्रेलरने दुसऱ्याचं नुकसान झालं तर बहुतेक पॉलिसीत येतं, पण खुद्द ट्रेलर चोरीला गेला तर सहसा येत नाही, विचारून घ्या.

पैशात बॉक्स स्वस्त, यात वाद नाही. ट्रेलर सेकंडहँड बराच परवडतो पण टोबार आणि त्याचं वायरिंग बसवायलाच आम्हाला ट्रेलरपेक्षा जास्त पडले. नव्या गाड्यांत साधी वायर जोडून चालत नाही, गाडीसाठीचं खास किट घालून कोडिंग करावं लागतं. टोबार काढता येणारा घेतला तर आणखी थोडे, पण रिव्हर्स सेन्सर सारखे ओरडत नाहीत म्हणून मी तोच सांगेन.

पण एकदा टोबार आला की त्याचा उपयोग वाढतच जातो, हे बॉक्सच्या बाबतीत आमच्याकडे झालं नाही. बागेतला कचरा, जुनी गादी, फ्लॅटपॅक कपाट. काउन्सिलच्या टिपवर (कचरा टाकायच्या जागी) जाताना वेबसाइट बघा, बऱ्याच ठिकाणी ट्रेलरला आधी परमिट लागतं. आणि गणपतीत तर विचारूच नका. मंडळाचं मखर, पडदे, पथकाचे ढोल. ढोल रूफबॉक्समध्ये जातच नाही, त्याचा घेर बघा आणि बॉक्सची उंची बघा. ट्रेलरमध्ये झाकण काढून, जुन्या रजया मध्ये घालून, वरून ताडपत्री आवळली की ढोल कोरडे पोचतात. वजन फार नाही, नुसता आकार मोठा, आणि छोट्या गाडीने ओढायला असंच सामान बरं. फक्त एक, आता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शनिवारी सकाळी फोन वाजला की काय काम असणार ते मला न उचलताच कळतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल, खाली ठेवायला जागा नसेल, वर्षातून एखादीच लांबची ट्रिप असेल तर बॉक्सच बरा, किंबहुना विकतही घेऊ नका, भाड्याने मिळतो. घेतलाच तर दोन्ही बाजूंनी उघडणारा घ्या. घराला बोळ किंवा गॅरेज असेल आणि व्हिन प्लेट हो म्हणत असेल तर मी एकदा तरी कोणाचा तरी ट्रेलर ओढून बघा म्हणेन. जुना घेताना टायरच्या बाजूला भेगा आहेत का बघा, जास्त न चालता नुसते उभे राहूनच ते खराब होतात, आणि चाक उचलून हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. छोटी चाकं गाडीच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात, म्हणून मी अजूनही मोटरवेच्या सर्व्हिसेसला थांबलो की आधी हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघतो, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तिथेच थांबायचं.