विमानाच्या काचेचं पॉलिश म्हणून माझ्या विंडशील्डला जे लावलं गेलं

डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी पिंपळगावकडून नाशिकला येताना द्राक्षबागांच्या पट्ट्यात किडे इतके आपटतात, की घरी पोहोचेपर्यंत बाईकच्या विंडशील्डवर थर बसलेला असतो. माझी काच तीन वर्षांची. घाईत कोरड्या फडक्याने पुसायची सवय, त्यामुळे बारीक चरे पडलेले. एका सकाळी आडगाव नाक्याच्या पुढे सर्व्हिस रोडला एका माणसाने टेबल लावलेलं दिसलं. पांढऱ्या बाटल्या, त्यांच्यावर विमानाचं चित्र. त्याने हाक मारली, ‘दादा, ओझरला विमानांच्या काचांना हेच लावतात. एकदा हात फिरवतो, बघा तर.’

त्याने काचेचा अर्धा भाग चिकटपट्टीने झाकला. उरलेल्या अर्ध्यावर पांढरी पेस्ट टाकून ड्रिलला लावलेल्या फोमच्या चकतीने घासलं आणि वरून बाटलीतलं पातळ काहीतरी लावून पुसलं. पट्टी काढल्यावर एक बाजू जुनी आणि एक बाजू शोरूममधून आणल्यासारखी. सकाळच्या उन्हात फरक इतका स्पष्ट होता, की मी पूर्ण काच करून घेतली. त्याचे १,४०० रुपये, घरी लावायला बाटली ६५० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिल कशाला दादा, मी रोज इथंच असतो.’ पैसे यूपीआयने गेले ते कुठल्याशा वेगळ्याच नावावर. तिथेच मी थांबायला हवं होतं.

आठवड्याने साबणाने गाडी धुतली आणि ती चकाकी पाण्याबरोबर वाहून गेली. त्याच रात्री पेठ रोडने सावळ घाटातून येत होतो. समोरून ट्रक आला आणि त्याचे दिवे काचेवर पडताच सगळीभर गोल गोल रेघांचं जाळं उजळलं. रस्ता दिसेना. पुढचं वळण मी फूटपेगवर उभा राहून, काचेवरून बघत काढलं. माझ्यामागे बायको बसली होती. हे लिहिताना अजूनही हात थरथरतात.

पॉलिश कमी पडलं असेल असं वाटून दुसऱ्या दिवशी मी ती बाटली पुन्हा लावली. दोन दिवसांत चारही स्क्रूंच्या भोवती केसाएवढ्या बारीक चिरा दिसायला लागल्या. नख फिरवलं तर लागत नव्हत्या, पण काच तिरकी धरली की भोकापासून चारी बाजूंना फुटलेल्या चांदीच्या तारांसारख्या चमकायच्या.

माझे मामा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेत. काच काढून त्यांच्याकडे नेली. त्यांनी बाटली उघडून वास घेतला. ‘अरे, यात थिनर आहे. प्लास्टिकच्या काचेला हे कुणी लावतं का?’

मग त्यांनी नीट समजावलं. लहान विमानांची काच बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते. तिचे चरे काढता येतात, पण १,५०० पासून १२,००० पर्यंत चढत्या नंबरच्या, म्हणजे अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या घासायच्या कापडांनी, पाणी वापरून, संयमाने, आणि काच किती झिजली तर चालेल याचीही मर्यादा ठरलेली असते. बाईकची विंडशील्ड मात्र पुष्कळदा पॉलिकार्बोनेटची असते. ते फुटायला कठीण, पण वरून मऊ, म्हणून त्यावर कडक पारदर्शक लेप दिलेला असतो. रबिंग कंपाऊंडने, म्हणजे त्या पांढऱ्या पेस्टसारख्या पॉलिशने, घासलं की आधी तो लेपच जातो. एकदा गेला की तो परत येत नाही. उघडं पडलेलं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडत जातं. त्या दिवशी जी चकाकी दिसली, ती मामांच्या मते चऱ्यांत भरलेल्या सिलिकॉनची. स्क्रूपाशी प्लास्टिक आधीच ताणाखाली असतं, त्यात थिनर शिरलं की तडे जातातच. पेट्रोल, अ‍ॅसिटोन आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही म्हणूनच लावायचं नाही.

साफ कसं करायचं हे त्यांनी अंगणात करून दाखवलं. आधी भरपूर पाणी ओतायचं, म्हणजे धूळ वाहून जाते. किडे चिकटले असतील तर ओला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं काचेवर पसरून ठेवायचा. मग उघड्या हाताने चोळायचं, कारण खडा असला तर तो बोटाला लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. नंतर सौम्य साबण, पुन्हा पाणी, आणि स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. पुसायचंच झालं तर सरळ रेषेत, गोल गोल कधीच नाही. कोरडं घासलं तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट ओढली जाते. पेट्रोल पंपावरच्या बादलीतला स्पंज तर लावूच देऊ नका, त्यात आधीच्या दहा गाड्यांची माती असते.

मी त्या माणसाकडे परत गेलो तेव्हा त्याने हात झटकले. ‘तुम्हीच चुकीचं लावलं.’ बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, वजन नाही, महिना-साल नाही, कमाल किरकोळ किंमतही नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. हे आधी बघितलं असतं तर तिथूनच परत फिरलो असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण बिल नसल्याने हातात फक्त यूपीआयची नोंद आणि काचेचे फोटो आहेत. नवी काच ३,८०० रुपयांना पडली.

कुणी काच चकचकीत करून दाखवली, तर तिथेच पैसे देऊ नका. साबणाच्या पाण्याने धुवायला लावा. मग सावलीत नेऊन काचेच्या पलीकडून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. दिवसा उन्हात चमकणारी काच रात्री आरपार दिसेलच असं नाही, आणि आपल्याला गाडी रात्रीही चालवायची असते.

गेल्या रविवारी तोच माणूस गंगापूर रोडला दिसला. समोर एक कॉलेजचा मुलगा उभा होता, त्याच्या काचेवर चिकटपट्टी लावून झाली होती. मी गाडी बाजूला घेतली, त्या मुलाला हाक मारली आणि स्क्रूभोवतीच्या तड्यांचा फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, मग स्वतःच जाऊन पट्टी काढली.