जुन्या सिव्हिकमध्ये कोणतं इंजिन बसवावं: डी१६, बी१८ की के२४?

१९९२ ते २००० मधली होंडा सिव्हिक आहे, बॉडी धड आहे, पण मूळ इंजिन तेल खातंय किंवा चढावर दम टाकतंय. दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की तीन नावं समोर येतात: त्याच घराण्यातलं डी१६, होंडाच्याच इंटिग्रा गाडीतून येणारं बी१८ आणि पुढच्या पिढीचं के२४. नुसते ताकदीचे आकडे पाहिले तर के सिरीज सहज जिंकते. पण अशा गाड्या महिनोन्‌महिने जॅकवर पडून राहतात त्या इंजिनासोबत न आलेल्या सामानापायी. त्यामुळे कोणत्या पर्यायात काय आयतं बसतं आणि काय वेगळं जमवावं लागतं, हेच आधी बघावं.

तरी आकडे हाताशी असू द्यात. हे सगळे अमेरिकी आवृत्त्यांचे आहेत (नावाच्या शेवटची झेड६, बी१, ए४ अशी अक्षरं त्या इंजिनाचा उपप्रकार सांगतात):

| इंजिन | ताकद (एचपी) | टॉर्क (एनएम) | कॉम्प्रेशन रेशो |
|---|---|---|---|
| डी१६झेड६ | १२५ | १४४ | ९.२ |
| बी१६ए२ | १६० | १५० | १०.२ |
| बी१८बी१ | १४२ | १७२ | ९.२ |
| बी१८सी१ | १७० | १७३ | १०.० |
| के२४ए४ | १६० | २१८ | ९.७ |
| के२४ए२ | २०० | २२५ | १०.५ |

सिव्हिकच्या डीएक्स मॉडेलचं मूळ डी१५बी७ म्हणजे १०२ एचपी आणि १३३ एनएम. आता टॉर्कचा रकाना नीट पाहा. बी१६ए२ची १६० एचपी ऐकायला भारी वाटते, पण टॉर्क डी१६पेक्षा जेमतेम ६ एनएमने जास्त. सगळी ताकद वरच्या आरपीएमला, ८,०००च्या आसपास. रोजच्या रहदारीत ती क्वचितच हाती लागते. बी१८बी१ आणि बी१८सी१ यांचा टॉर्क तर जवळपास सारखाच आहे. बी१६ए२, बी१८सी१ आणि के२४ए२ यांना वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, तो खर्च दर टाकीला होत राहतो. डी१६झेड६, बी१८बी१ आणि के२४ए४ साध्या पेट्रोलवर चालतात.

डी१६: सगळ्यात कमी उस्तवार

१९९२–९५ च्या गाडीत डी१६झेड६ आणि १९९६–२००० च्या गाडीत डी१६वाय८ (१२७ एचपी) बसवणं सोपं. माउंटिंग तेच, गिअरबॉक्स तोच, अ‍ॅक्सल तेच, रेडिएटरही चालतो. काम राहतं ते वायरिंगचं. १९९२–९५ च्या डीएक्सच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुड्यात) व्हीटेकच्या, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या यंत्रणेच्या, वायरी नसतात. पी२८ हा ईसीयू (इंजिनाचा संगणक) लावून दोन वायरी ओढाव्या लागतात: व्हीटेक सोलेनॉइडची ए४ पिनला आणि ऑइल प्रेशर स्विचची डी६ पिनला. पहिली चुकली तर कोड २१ येतो, दुसरी चुकली तर २२, आणि दोन्ही वेळा व्हीटेक लागतच नाही. गाडी चालते, पण वरच्या आरपीएमला मुकी वाटते. इंजिन खराब निघालं असं समजून लोक हेड उघडतात. आधी कोड वाचा.

डीएक्सच्या गिअरबॉक्सचा फायनल ड्राइव्ह ४.०५८ आहे, वरच्या ईएक्स मॉडेलचा ४.२५०. डी१६सोबत ईएक्सचा गिअरबॉक्स मिळत असेल तर घ्या, पिकअपमध्ये फरक कळतो. मात्र १९९६ नंतरच्या गाडीत आधीपासून १०६ एचपीचं डी१६वाय७ असेल आणि ते तंदुरुस्त असेल, तर २१ एचपीसाठी इंजिन उतरवण्यात फारसा अर्थ नाही.

बी१८बी१: इथेच बहुतेकांनी थांबावं

व्हीटेक नाही म्हणून लोक याला नाक मुरडतात, आणि म्हणूनच ते बी१८सी१पेक्षा स्वस्तात मिळतं. सिव्हिकसारख्या हलक्या गाडीत १७२ एनएम खालच्या आरपीएमपासून जाणवतात. व्हीटेक, नॉक सेन्सर किंवा दुहेरी मार्गाच्या इनटेक मॅनिफोल्डचं वायरिंग करायचं नसल्याने एक मोठी डोकेदुखी टळते.

सामानाची गोष्ट मात्र डी१६सारखी सोपी नाही. डी सिरीजचा गिअरबॉक्स बी सिरीजला बसत नाही. १९९४–२००१ इंटिग्राचा किंवा १९९९–२००० सिव्हिक एसआयचा हायड्रॉलिक क्लचचा गिअरबॉक्स लागतो. त्याच गाड्यांमधून हाफ शाफ्ट, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअर लिंकेज, मागचा टी-ब्रॅकेट, टायमिंग बेल्टच्या बाजूचा ब्रॅकेट आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा ब्रॅकेटही उचलावा. ब्रॅकेटच्या बाबतीत घाई नको: काहींना दोन बोल्ट असतात, काहींना तीन, आणि ते अदलाबदल करून बसत नाहीत. आपल्या गाडीचा ब्रॅकेट सोडवून शेजारी ठेवूनच जुळवावा.

१९९०–९३ इंटिग्राचा गिअरबॉक्स स्वस्त दिसला तरी घेऊ नका. त्याला केबलचा क्लच आहे. तो सिव्हिकच्या हायड्रॉलिक क्लचला जोडायचा तर वेगळं कन्व्हर्जन लागतं आणि वाचवलेले पैसे त्यातच जातात.

ईसीयू पी७५ लावावा किंवा बी१८बी१साठी प्रोग्राम केलेला पी२८. १९९६ नंतरचं इंजिन १९९५ च्या गाडीत, किंवा उलट बसवत असाल तर डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरचे प्लग आधी तपासा, आकार जुळत नाहीत. जपानी गाडीतलं सुरुवातीचं, म्हणजे १९९२ आधीचं बी१६ए कोणी गळ्यात मारत असेल तर इंजेक्टर बघा. ते कमी रेझिस्टन्सचे असतात. रेझिस्टर बॉक्स न लावता पी२८ला जोडले तर ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं.

रेडिएटर मूळचा अर्धा, पातळ असेल तर तो जास्त जाडीचा घाला. ब्रेकही या खर्चातच धरा. ईएक्स किंवा इंटिग्राच्या २६२ मिमी डिस्क त्यांच्या कॅलिपर आणि नकलसकट (चाकाचा हब धरणारा भाग) बसवल्या की काम होतं. वेग वाढवून छोट्या डिस्कवर गाडी चालवणं धोक्याचं आहे, इथे काटकसर करू नये.

के२४: इंजिन स्वस्त, बाकी सगळं महाग

अकॉर्डचं के२४ए४ बऱ्याचदा बी१८सी१पेक्षाही कमी पैशात मिळतं, आणि तिथेच हिशेब फसतो. के सिरीज उलट दिशेने फिरते, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला येतो, एक्झॉस्ट फायरवॉलकडे जातो. म्हणजे मूळ गाडीचं जवळपास काहीच कामाला येत नाही. माउंट किट, अ‍ॅक्सल, हेडर, गिअर शिफ्टरचा बॉक्स, केबल, वायरिंगचं कन्व्हर्जन आणि के-प्रोसारखा प्रोग्राम होणारा ईसीयू, हे सगळं विकत. ईसीयूला इमोबिलायझर असतो, तो बंद केल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. टीएसएक्स या गाडीतल्या के२४ए२ला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्याजागी केबलवाला थ्रॉटल बॉडी लावावा लागतो. के२४चा ब्लॉक त्याच सिरीजच्या छोट्या के२०पेक्षा सुमारे १९.५ मिमी उंच आहे, बॉनेट बंद होतं का ते माउंट किट निवडतानाच विचारा.

आणखी एक फसगत इथे होते. के२०ए३ आणि के२४ए४ यांच्यावरही व्हीटेक लिहिलेलं असतं, पण ते फक्त इनटेकच्या बाजूला, मायलेजसाठी आहे. कॅमशाफ्टवरचा, वरच्या आरपीएमचा तिसरा मोठा लोब (उंचवटा) त्यांत नाही. तो हवा असेल तर के२०ए२ किंवा के२४ए२. के२४ वरच्या आरपीएमला पिळायचं असेल तर बॅलन्स शाफ्टवाला ऑइल पंप काढून के२०ए२चा पंप घालतात.

इंजिनाच्या किमतीच्या दोन-तीनपट रक्कम बाजूला असेल आणि गाडी काही महिने उभी राहिली तरी चालणार असेल, तरच के सिरीजकडे वळा. तसं असेल तर मात्र तिन्हींत दमदार गाडी हीच, आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्याने बेल्ट बदलण्याची कटकटही नाही.

घेण्याआधी आणि बसवताना

सुटं इंजिन घेण्यापेक्षा मोडीत निघालेल्या एकाच गाडीतला पूर्ण सेट घ्या: इंजिन, गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट, लिंकेज, ईसीयू, हार्नेस. दोन ठिकाणचे भाग जुळवताना एकेका बोल्टसाठी दिवस जातात.

कॉम्प्रेशन तपासताना चारही स्पार्क प्लग काढा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. डी१६ला किमान १३५ पीएसआय यायला हवं, आणि सिलिंडरांमधला फरक २८ पीएसआयच्या आत. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा तपासा. आकडा वर गेला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइल कॅप उघडून आत बघा, काळा चिकट थर असलेलं इंजिन सोडून द्या.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मागचं मेन ऑइल सील, कॅम सील आणि क्लच सेट बदलून टाका. मागचं सील नंतर गळायला लागलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. माउंटिंगचे बोल्ट सगळे हाताने लावून घ्या आणि इंजिनाचं वजन माउंटवर आल्यावरच कसा. एक बाजू आधी कसली तर रबर पिळलेलं राहतं आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत येते.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, इंजेक्टर आणि इग्निशनची जोडणी काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा फिरवा. नंतर प्लग लावून चालू करा, ब्लीड बोल्टमधून कूलंटची हवा काढा आणि रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा. थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा बघा, बहुतेक वेळा खाली गेलेली असते.