एफरॅम चिप एमबी८५आरसी२५६व्ही : पॉवर कधीही जाणाऱ्या बोर्डासाठी हीच घ्या

ज्यांच्या बोर्डाची पॉवर केव्हाही जाऊ शकते आणि शेवटचं रीडिंग कुठल्याही परिस्थितीत हातचं जायला नको त्यांनी मूळ फुजित्सूची ही ३२ केबीची एफरॅम, म्हणजे वीज गेली तरी डेटा न विसरणारी फेरोइलेक्ट्रिक मेमरी, डोळे झाकून लावावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी एका मीटरच्या बोर्डावरची ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा ठेवणारी नेहमीची मेमरी चिप) काढून ही बसवली आणि आता परत मागे जायची इच्छा नाही.

बसवायला काही त्रास नाही, आठ पिनांची मांडणी तीच, आयटूसीचा (दोन तारांवर चिपशी बोलायच्या पद्धतीचा) पत्ता पण ईईप्रॉमचाच, २.७ ते ५.५ व्होल्ट कशावरही चालते. जुना कोड तसाच ठेवायचा, फक्त राइटनंतरचा डिले आणि पेजचं (एका वेळी लिहायच्या बाइटच्या गटाचं) सगळं गणित उडवून टाकायचं.

खरा फरक बघायचा तर तारांवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक अ‍ॅनलायझर लावा. २४एलसी२५६ सारख्या ईईप्रॉमला एक पेज लिहायला दिलं की स्टॉप (संदेश संपल्याची खूण) झाल्यावर ती ५ मिलिसेकंदापर्यंत आतल्या आत लिहीत बसते, त्या वेळात तिला विचारलं की नॅक (म्हणजे नकार), परत विचारलं परत नॅक, आणि नेमकी तेव्हाच पॉवर गेली तर त्या पेजचा काही भरवसा नाही. एफरॅमला स्टॉपनंतर लगेच स्टार्ट दिला तरी पहिल्याच फटक्यात होकाराचा अ‍ॅक येतो, स्क्रीनवर ती नॅकची रांगच दिसत नाही. बाइट पोचला की लिहिला गेलेला असतो. एवढं मात्र लक्षात ठेवा की सुरक्षित असतो तो बाइट, अख्खं रेकॉर्ड नाही, १६ बाइटच्या रेकॉर्डमधले ९ गेले आणि वीज गेली तर उरलेले ७ जुनेच असणार, म्हणून प्रत्येक रेकॉर्डला अनुक्रमांक आणि सीआरसी (डेटा अख्खा आहे का ते तपासायचा आकडा) हवाच.

हे जमतं कसं ते कळलं की चिप जास्त आवडायला लागते. आत प्रत्येक सेलमधे (एक बिट ठेवायच्या कप्प्यात) दोन इलेक्ट्रोडच्या मधे पीझेडटीचा म्हणजे लेड झिरकोनेट टायटनेटचा पातळ थर असतो, त्याच्या स्फटिकाचं एकक जेमतेम ०.४ नॅनोमीटरचं, आणि त्यातला झिरकोनियम किंवा टायटॅनियमचा आयन बरोब्बर मधोमध न बसता जरासा वर किंवा खाली सरकलेला असतो. विद्युत फील्ड दिलं की पलीकडे जातो, फील्ड काढलं तरी तिथेच राहतो, बस, हीच मेमरी. ईईप्रॉमसारखं आत जास्त व्होल्टेज तयार करून ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ढकलायचे नाहीत, त्यामुळे झीज पण कमी. तिथे साधारण १० लाख राइट मिळतात, इथे डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) प्रत्येक बाइटला १ लाख कोटी देते.

पण त्या १ लाख कोटीत वाचणं पण धरलेलं आहे हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. आयन वर आहे की खाली ते कळायला चिप त्याला एका बाजूला ढकलूनच बघते, उलटला तर जास्त चार्ज येतो, म्हणजे वाचताना डेटा पुसला जातो आणि चिप तो आपोआप परत लिहिते. ४०० किलोहर्ट्झला एका वाचनाला ढोबळ १०० मायक्रोसेकंद धरले तर तोच एक बाइट सतत वाचून मर्यादा गाठायला ३ वर्षांच्या वर लागतील, म्हणजे घाबरण्यासारखं नाही, तरी सेटिंग्ज लूपमधे सारखी चिपमधून वाचू नका, सुरुवातीला एकदा रॅममधे घ्या.

उष्णता हा दुसरा मुद्दा. ८५ अंशाला १० वर्षं डेटा टिकतो, ५५ अंशाला ९५ वर्षं. रीफ्लोच्या (ओव्हनमधे सोल्डर वितळवून चिप बसवायच्या) आधी लिहिलेल्या डेटाची मात्र कंपनी हमी देत नाही, सोल्डरिंग झाल्यावरच प्रोग्राम करा असं डेटाशीटमधेच लिहिलंय, तेव्हा कॅलिब्रेशन आधी भरून चिप ओव्हनमधे पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या.

साइझ, म्हणजे साठवायची जागा, कमी आहे ही तक्रार सगळेच करतात, माझी पण आहे, आणि तिचं मूळ नॅनोच्या पातळीवरच आहे. जास्त सेल मावायला ते लहान आणि थर पातळ करावा लागतो, पण थर पातळ करत गेलं की पृष्ठभागावरचा चार्ज इलेक्ट्रोडला पुरता झाकता येत नाही आणि उरलेलं उलटं फील्ड पोलरायझेशनलाच (आयनांच्या त्या सरकलेपणालाच) मारायला लागतं. बेरियम टायटनेटचा फेरोइलेक्ट्रिकपणा साधारण ६ एककांच्या खाली टिकणार नाही असं २००३ मधे गणिताने दाखवलं गेलं, आणि २००४ मधे लेड टायटनेटच्या फिल्ममधे फक्त ३ एककांपर्यंत, म्हणजे १.२ नॅनोमीटरला, फेरोइलेक्ट्रिकपणा प्रयोगात दिसला! पण ते लॅबमधल्या अगदी निर्दोष फिल्मचं, कारखान्यातल्या पीझेडटीत कणांच्या सीमा आल्या, इलेक्ट्रोडलगतचा निष्क्रिय थर आला, हायड्रोजनने होणारं नुकसान आलं, त्यात शिसं नेहमीच्या सिलिकॉन लाइनवर कुणाला नको असतं.

म्हणून मला सगळ्यात जास्त उत्सुकता हाफ्नियम ऑक्साइडची आहे. ट्रान्झिस्टरच्या गेटमधे तो आधीपासून वापरात होताच, २०११ मधे त्यात थोडं सिलिकॉन घातल्यावर १० नॅनोमीटरच्या आसपासच्या थरात फेरोइलेक्ट्रिक वागणूक सापडल्याचं जाहीर झालं, आणि २०२० मधे झिरकोनियम घातलेला १ नॅनोमीटरचा थर पण तसाच वागला. तिथे अडचण अशी की आयन उलटवायला पीझेडटीपेक्षा कितीतरी जास्त फील्ड लागतं, त्यामुळे थर लवकर थकतो. ते सुटलं तर ही साइझची तक्रार राहणार नाही.

तोपर्यंत काउंटर, मीटर रीडिंग, एरर लॉग, मशीनची शेवटची पोझिशन यासाठी ही चिप घ्या, फोटो किंवा ऑडिओ साठवायचा असेल तर फ्लॅशच बघा. आणि तयार मॉड्यूल घेताना त्यावर पुलअप रेझिस्टर (आयटूसीच्या तारा वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारे) आहेत का ते तपासून घ्या, काही बोर्डांवर नसतात आणि मग चिपच खराब निघाली असं वाटत राहतं.