शाळेचा डबा, न धुता परत द्यायचा

नाशिकला सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत एक काकू शाळेच्या मुलांचे डबे करून देतात. दाराला पाटी नाही, जाहिरात नाही, एका आईनं दुसरीला सांगितलं एवढंच. माझा मुलगा चौथीत आहे, नऊ वर्षांचा. जूनपासून तो त्यांचाच डबा नेतो. सोमवार ते शुक्रवार, महिन्याचे १५०० रुपये.

मी सातपूरला कंपनीत आहे, सकाळची पाळी सातची. मुलाची व्हॅन पावणेसातला. त्यामुळे गेलं वर्षभर डब्यात जे हाताला येईल ते जायचं: बिस्किटं, जॅम-पोळी, नूडल्स. निघताना कपभर दूध आणि त्यात चॉकलेटची पावडर. मेमध्ये डॉक्टरांनी वजन-उंची घेतली. ३५ किलो, १३४ सेंटिमीटर. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता त्यांनी समोर ठेवला. त्यावर २३ आणि २७ अशा दोन रेषा असतात. मोठ्या माणसाचा तेवढा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, या वयात किती होतो, ते त्या दाखवतात. याचा ठिपका दोन्हींच्या मध्ये पडला, म्हणजे वजन जास्त, पण लठ्ठपणा नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘वजन उतरवायला जाऊ नका. आहे तिथं थांबू द्या, उंची वाढली की गणित आपोआप जमेल. आधी त्या पावडरीचं पाकीट वाचा.’’ वाचलं. १०० ग्रॅममध्ये ३७ ग्रॅम साखर! दिवसातून दोनदा मी स्वतःच्या हातानं चार-चार चमचे घालत होते.

काकूंकडे येण्याआधी एका डाएट-डब्याचे पैसे भरले होते. झाकणावर मुलाचं नाव, कॅलरी आणि ‘वेट लॉस’ असं छापलेलं लेबल. तिसऱ्या दिवशी तो डबा तसाच घरी आला. बाकावर काढला की मुलं वाचतात म्हणून त्यानं उघडलाच नव्हता. दिवसभर उपाशी राहिला होता माझा मुलगा. मी त्याच दिवशी डबा बंद केला. पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं मला काही नाही. पण लहान मुलाच्या जेवणावर असं लिहायचं धाडस कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

काकूंची पहिली अट ऐकून मी गोंधळले होते. ‘‘डबा घासून पाठवायचा नाही हं. तसाच द्या.’’ संध्याकाळी त्या एकेक डबा उघडून बघतात, काय उरलंय ते. आमच्याकडून लाल भोपळ्याची भाजी तीनदा परत गेली. चौथ्या वेळी भोपळा किसून थालीपिठात आला. मधे भोक पाडलेलं, कडा कुरकुरीत, सोबत दह्याची छोटी डबी. डबा चाटूनपुसून रिकामा. मग मटकीच्या उसळीत कांदा जास्त झाला की तो बाजूला काढतो, हे मी नऊ वर्षांत टिपलं नव्हतं ते त्यांनी महिन्याभरात टिपलं. नाचणीचं धिरडं, मेथीची पोळी, मुगाची खिचडी, काकडीच्या चकत्या, आठवड्यातून दोनदा शेंगदाण्याचा लाडू, लिंबाएवढा. पोट भरेल इतकं असतं. याच्या वयाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात, त्यामुळे अर्धपोटी ठेवून काही साधत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं खाणं विकायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तरी सुटल्यावर पोरं गाडीवर जातातच. काकू त्यासाठी वेगळ्या पुरचुंडीत भाजलेले फुटाणे देतात. हे मला फार आवडलं.

तक्रारीही आहेत. श्रावणी सोमवारी सरसकट सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी. नुसता स्टार्च आणि वर तूप. उपास न करणाऱ्या मुलांना वेगळं द्या असं सांगूनही बदललं नाही. शुक्रवारच्या पुलावाला तेल सुटलेलं असतं. पावसात दोनदा डबा आला तो व्हॅन गेल्यावर, मग मला पाळी सोडून शाळेत धावावं लागलं. आणि अंडं मिळत नाही, ते मी घरी देते.

घरी पावडर बंद केली, दूध साधं. पहिले आठ दिवस रडारड झाली. ऑक्टोबरात पुन्हा मोजलं: उंची १३६.५, वजन ३५.५. ठिपका अजून त्या दोन रेषांमध्येच आहे, पण खालच्या रेषेकडे सरकलाय. डॉक्टरांनी पुढची तारीख थेट जानेवारीची दिली.

दिवाळीनंतर धाकटीचंही नाव घालतेय. पहिलीत आहे, अंगानं अगदी किरकोळ. सांगायला गेले तर काकूंनी किलो विचारले नाहीत, विचारलं, ‘‘तूप खाते का गं ती? आणि पोळीचा काठ टाकते की खाते?’’