‘कन्व्हीनियंट’ आणि ‘फांगब्येन’ : एका इंग्रजी-चिनी कोश-ॲपचा सात महिन्यांचा अनुभव

चेंगदूमधील दोन नोकरदार विद्यार्थ्यांना मी पुण्यातून ऑनलाइन इंग्रजी शिकवते आणि गेले सात महिने आम्ही तिघेही एकच इंग्रजी-चिनी कोश-ॲप वापरत आहोत. उच्चार स्वच्छ ऐकू येतात, शब्द झटपट सापडतो. माझी तक्रार आहे ती विशेषणांच्या नोंदींविषयी.

पहिल्याच आठवड्यात विद्यार्थिनीचा निरोप आला, ‘आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?’ कोशात या शब्दापुढे ‘फांगब्येन’ हा प्रतिशब्द आहे आणि तो चुकीचा नाही. मात्र चिनी भाषेत ‘नी फांगब्येन मा?’, म्हणजे शब्दशः ‘तू सोयीस्कर आहेस का?’, असे थेट माणसाला विचारता येते. इंग्रजीत सोयीची असते ती वेळ, जागा किंवा व्यवस्था, आणि माणूस ‘फॉर’नंतर येतो. आपणही ‘तुम्हाला सोयीचे आहे का?’ असेच विचारतो, त्यामुळे मला ते वाक्य लगेच खटकले. तिला खटकण्याचे कारणच नव्हते.

कोशातील ‘इफ इट इज कन्व्हीनियंट फॉर यू’ हे उदाहरण बिनचूक आहे, पण त्याखालचे चिनी भाषांतर पुन्हा ‘तू’लाच कर्ता करते. भाषांतर म्हणून ते अगदी सहज उतरले आहे आणि घात तिथेच होतो, कारण विद्यार्थी खालची ओळ आधी वाचतो आणि आपली चूक कोशाच्या साक्षीने पक्की करून घेतो. ‘फॉर’ची रचना नोंदीत आहे खरी, पण इतक्या बारीक करड्या अक्षरांत की चष्मा लावूनही ती मला शोधावी लागली.

शिवाय ‘फांगब्येन’चा पसारा मोठा आहे. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथाच्या चिनी अनुवादात ‘उपायकौशल्य’ (ऐकणाऱ्याला पेलेल अशा युक्तीने शिकवणे) या दुसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकात हाच शब्द आहे. आज झटपट नूडल्सच्या नावातही तोच आहे आणि शौचास जाण्यासाठीही सभ्यपणे तोच वापरतात. यांपैकी कोणता अर्थ इंग्रजी शब्दात येत नाही, हे सांगणारी एक ओळ तरी नोंदीत हवी होती.

चिनी ओळी लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, हे मला तिसऱ्या महिन्यात कळले. तेव्हापासून आम्ही आधी फक्त इंग्रजी उदाहरणे वाचतो आणि प्रत्येकात कर्ता कोण ते शोधतो. विद्यार्थिनी आता न अडखळता ‘ट्यूज्डे इज कन्व्हीनियंट फॉर मी’ लिहिते. दुसरा विद्यार्थी घाईत असला की अजूनही घसरतो. वर्गणी मी पुन्हा भरली आहे, पण नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी चिनी ओळी बंद करायला लावते.