ऑफिसमधल्या मावशी-काकांच्या दिवाळीची भांडी इथून घेतली, पाचपैकी पाच

आमच्या खराडीच्या ऑफिसात हाउसकीपिंग, पॅन्ट्री आणि सिक्युरिटी मिळून तीसेक जण आहेत. सगळे कंत्राटदाराच्या पेरोलवर, त्यामुळे दिवाळीला कंपनीचा सुकामेव्याचा बॉक्स येतो तो फक्त पर्मनंट लोकांना आणि ते बॉक्स टेबलाटेबलावर नेऊन ठेवायचं काम मात्र यांच्याच गळ्यात, हे बघून दरवर्षी जीव तुटायचा. यावेळी टीममध्ये वर्गणी काढली आणि तुळशीबागेतल्या या दुकानातून सगळ्यांसाठी स्टीलची भांडी घेतली.

काय हवंय ते आधी त्यांनाच विचारलं होतं. बहुतेक मावश्यांनी पोळ्यांचा डबा नाहीतर मोठं पातेलं सांगितलं, सिक्युरिटीच्या काकांना नाइट शिफ्टला न्यायला तीन पुडाचा डबा हवा होता.

दुकानातल्या दादांनी घाई न करता सगळं समजावून सांगितलं. २०२ ग्रेडचं स्टील स्वस्त पडतं पण त्यात निकेल कमी असतं आणि गंज लवकर धरतो, ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ते वर्षानुवर्षं टिकतं. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं. आम्ही ३०४ घेतलं, थोडं बजेट वाढलं पण कमी प्रतीचं द्यायला मन होईना.

आणि नावं! कंपनीचा लोगो घालायचा का असं विचारलं तर आम्ही स्पष्ट नाही म्हटलं, भांडं त्यांच्या घरात जाणार तर नावही त्यांचंच हवं ना. नावं घालणारे काका कोपऱ्यात बसतात, मशीन पेनसारखं धरतात आणि कर्रकर्र करत थेट अक्षर काढतात, आखणी नाही काही नाही, तरी वेलांटी, रफार सगळं जिथल्या तिथे. एका सिक्युरिटीवाल्या काकांनी माझं नको, बायकोचं नाव घाला म्हणून चिठ्ठी दिली होती, एका मावशींनी लेकीचं, तिचं लग्न ठरलंय म्हणून. एका डब्यावर ‘ळ’चा ‘ल’ झाला तर हुज्जत न घालता दुसरा डबा काढून त्यावर नाव घालून दिलं. नावाचे वेगळे पैसे नाहीत.

वाटप झालं तेव्हा पॅन्ट्रीतल्या मावशींनी डबा फिरवून आधी नाव शोधलं, पदराने पुसलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. फार बरं वाटलं.

एक मात्र मनापासून सांगते, हे बोनसच्या ऐवजी देऊ नका. बोनसचा हक्क १९६५ च्या कायद्यापासून चालत आलाय, आता तो किमान ८.३३ टक्के आहे आणि कंत्राटी कामगारही त्यात बसतात, तेव्हा कंत्राटदाराने तो दिलाय का हे एचआरला विचारा, आम्ही विचारलं. बोनस हा हक्काचा पैसा, भेटवस्तू त्याच्यावर.

पार्किंगची बोंब आहे, गाडी मंडईच्या पार्किंगमध्ये लावून चालत या. टेम्पोने माल पोचवतात पण आमचा संध्याकाळी उशिरा आला. नावं घालायची असतील तर दसऱ्याच्या आधीच ऑर्डर द्या, नंतर काकांकडे रांग लागते, आणि यादी सुवाच्य अक्षरात मराठीतच लिहून न्या.